विहिरीचा दोर

कुडाळ,
9 एप्रिल

चि. अमेय आणि चि. सौ. मधुरा यांस,


अमेय, तू पाठवलेले सतरा फोटो मी चष्मा लावून, मोठे करकरून बघितले. अकरांत समुद्र आहे, चारांत सूर्यास्त आहे, एकात तू स्वतः हात पसरून उभा आहेस. राहिलेल्या एकात घर. विहीर एकाही फोटोत नाही. लग्नानंतर फिरायला आलात तेव्हाचे फोटो असणार, कारण सड्याच्या कातळपठारावरचं गवत अजून सोनेरी दिसतंय. आज जाऊन बघशील तर तिथे काळा कातळ आणि गुरांनी खाऊन उरलेले खुंट असतील.

अक्षय्य तृतीयेला त्या घराचा इसार द्यायचा म्हणतोस, म्हणून घाईने लिहायला बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, पत्रात तुला मधेच तोडता येणार नाही.

इकडे राहायला येऊ नका असं मी म्हणणार नाही. मला ते म्हणायचा अधिकारच नाही. 1994 च्या दिवाळीनंतर तुझे काका आणि मी गिरगावातलं बिऱ्हाड मोडून इकडे आलो, तेव्हा आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तुझ्या आजोबांनी एवढंच विचारलं, "नोकरी सोडून तिथे खाणार काय?" त्याचं उत्तर आमच्याकडे होतं. पिणार काय, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

आमची पहिली जागाही सड्याच्या कडेलाच होती. बावीस गुंठे, चिऱ्याचं जुनं घर, मागे दोन आंबे, पुढे सगळं मोकळं आकाश. आम्ही ती बघितली ऑक्टोबरात. पाऊस नुकताच ओसरलेला, विहिरीत पाणी असं की काठावर पालथं पडून हात बुडवता यावा. मालकाला विचारलं, "पाणी आहे ना?" तो म्हणाला, "आसा की." खोटं बोलला नाही बिचारा. मे महिन्यात किती असतं, हे आम्ही विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही. होळीच्या सुमाराला तळाचा कातळ दिसायला लागला. त्यानंतर सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन, अशा खेपा मी खालच्या वाडीतल्या विहिरीवर केल्या, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. गिरगावात नळाला दीड तास पाणी यायचं आणि मी त्याबद्दल कुरकुरत असे! खालच्या वाडीतली एक म्हातारी मला रोज बघायची. एक दिवस न राहवून म्हणाली, "वयनी, सड्यार पाणी खंयचा? थंय पावसाचा पाणी पण थांबणा नाय."

त्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितलं ते आम्हाला तीन उन्हाळे काढून कळलं. जांभा दगड चाळणीसारखा असतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त. पण सड्यावर पडलेलं पाणी कातळावरून वाहून जातं नाहीतर त्यातून पाझरून खाली उतरतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडतं. म्हणून जुन्या लोकांनी घरं पायथ्याला बांधली, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या अंगाने, माडाफणसाच्या सावलीत. त्यांना समुद्र दिसत नाही अशी तुला कीव येते. अरे, समुद्र त्यांनी मुद्दाम आड केला. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा सड्यावरच्या उघड्या घरांची कौलं पत्त्यासारखी उडाली. आमच्या वाडीत माड पडले, वीज गेली, पण डोक्यावरचं छप्पर जागेवर राहिलं.

तेव्हा इसार थांबव आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दोघं या. तुतारी एक्सप्रेसने या, सकाळी कुडाळला उतरा. रिसॉर्ट वगैरे काही नको, माझ्याकडे राहा. उन्हं चढल्यावर आपण ती जागा बघायला जाऊ, आणि घराकडे न बघता आधी विहिरीवर जाऊ. पाणी किती खाली आहे ते तर दिसेलच, पण मी तुला दोर बघायला सांगेन. कप्पीवरचा दोर मालकाने नवीन लावला असेल तर शेजारच्या विहिरीवरचा बघ. दोराला खाली दुसऱ्या रंगाच्या दोराचा जोड दिला असेल, गाठ मारलेली असेल, तर ओळखायचं की दर उन्हाळ्यात पाणी तेवढे हात खाली जातं. काठावरच्या चिऱ्याला दोराच्या घासण्याने खाच पडली असेल तर ही विहीर पिढ्यान्‌पिढ्या वापरातली आहे. काठ कोरा करकरीत असेल तर लोक दुसरीकडून पाणी भरतात. माणसं पाण्याबद्दल एक वेळ भिडेपोटी चांगलं बोलतील, दोराला भीड नसते.

बोअर मारू म्हणशील. मार. पण आधी वाडीत चौकशी कर की किती बोअर मारल्या आणि त्यांतल्या किती चालू आहेत. फुकट गेलेल्या बोअरचा पाइप लोक काढत नाहीत, झाकण लावून ठेवतात. परसात फिरलास की दिसतील.

मग परत जा, आणि आषाढात पुन्हा या. रेल्वेचं तेव्हा पावसाळी वेळापत्रक असतं, गाडी रेंगाळते, वैताग येईल. तरी या. चार दिवस सलग पाऊस कोसळत असताना घर बघायचं असतं. पाण्याचे ओघळ भिंतीवरून कुठे येतात, ओल जमिनीतून किती वर चढलीय, वाटेवरचा साकव पाण्याखाली जातो का, मोबाइलची रेंज कशी लपंडाव खेळते, हे सगळं तेव्हा आपोआप समोर येतं. मे महिन्यातच कौलांची परीक्षा करायची असेल तर भर दुपारी माळ्यावर चढ, दार लावून घे आणि अंधारात दोन मिनिटं उभा राहा. जिथून उन्हाचे कवडसे रुपयाएवढे, आठ आण्याएवढे खाली पडतील, तिथे तिथे जुलैमध्ये तुला टोप ठेवायचे आहेत. वाशांवर बोटांनी टकटक कर. घट्ट आवाज आला तर ठीक. भोपळ्यासारखा आला किंवा पिठूळ भुसा पडला तर ते लाकूड आतून संपलेलं आहे. छप्पर उतरवून पुन्हा घालायचा खर्च आधी गवंड्याला आणि सुताराला विचार आणि मगच भाव ठरवायला बस. दर वर्षी मिरगाच्या आधी घर शाकारून घ्यावं लागतं, हेही तुझ्या हिशेबात धर. कौलं परतणारी माणसं आता वाडीत दोनच उरलीत, त्यांच्या मागे एप्रिलपासून फिरावं लागतं.

आता कागद. तू पाठवलेल्या सर्व्हे नंबरावरून मी महाभूलेखवर सातबारा काढून बघितला. नसतं नाक खुपसतेय म्हण हवं तर! मालक म्हणून तुझ्याशी बोलणारा गृहस्थ चौदा नावांपैकी एक आहे. त्या चौदांत सहा बायका आहेत. तो तुला म्हणाला ना, "आम्ही सगळे भाऊ तयार आहोत"? मग बहिणींचं काय? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या सहाजणी कुणी नालासोपाऱ्यात असेल, कुणी बेळगावात, कुणी वारलीही असेल आणि तिची मुलं वारस लागायची असतील. त्या सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय तू दिलेला पैसा पाण्यात. तुझ्या बाबांनीही राजापूरच्या घरासाठी एकदा माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं होतं, सणाला माहेरी गेले असताना, पुरणपोळीच्या ताटाशेजारी. मी सही केली नाही. आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो. आता बोलतो, ते तू बघतोसच. पण तेव्हापासून सातबारावर बाईचं नाव दिसलं की मी थांबते आणि विचारते, हिला कुणी विचारलंय का?

त्याच उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव आहे. हे हलक्यात घेऊ नकोस. कुळकायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 रोजी जो जमीन कसत होता तो तिचा मालक मानला गेला. अशा रीतीने मिळालेल्या जमिनीवर पुढे 'कलम 43 च्या बंधनास पात्र' अशी ओळ येते आणि सरकारी अटी पुऱ्या केल्याशिवाय ती विकता येत नाही. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. आपल्या घरच्या सातबारावर तुझ्या बाबांचं नाव आहे, माझं आहे, तुझं नाही. तुला शेतकरी म्हणून कोणता पुरावा चालेल ते कुडाळच्या वकिलाला विचारू, एजंटाला नको. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागतात, तेही त्यालाच विचारायचं. तीस वर्षांचा सर्च घ्यायचा, पेपरात जाहीर नोटीस द्यायची, सरकारी मोजणी मागवायची. ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा दाखवून "हे बघा, घर माझ्या नावावर" असं कुणी म्हणालं तर मान डोलाव, पण तो मालकीचा कागद नव्हे, घरपट्टी कुणाकडून घ्यायची याची ती नोंद. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तू इथे तसं विचारलंस तर कुणाला कळणारच नाही. तलाठीच म्हण.

हे सगळं वाचून तुझा जीव दमला असेल. माझाही दमतो. म्हणून माझं मत असं की पहिलं वर्ष काहीच विकत घेऊ नका. भाड्याने राहा.

यावर तू हसशील, कारण इथे प्रत्येक वाडीत पाचसहा घरांना कुलूप असूनही भाड्याने कुणी देत नाही, हा तुझा अनुभव मला मधुराने सांगितला. का देत नाहीत, याचं कारण तू 'लोक आळशी आहेत' असं काढलंस. ते चूक आहे. कारण मी वर लिहिलेल्या त्या 1957 सालात आहे. आजोबाने दुसऱ्याला जमीन कसायला दिली आणि ती गेली, ही गोष्ट इथल्या निम्म्या घरांत मुलांनी ऐकलेली असते. कायदा बरोबर होता, कसणाऱ्याचा घाम होता, ते मी मान्य करते. पण घर बंद राहून वाळवी लागली तरी चालेल, परका आत नको, ही भीती तिथून आलेली आहे. मग घर मिळवायचं तर मधे ओळखीचं माणूस लागतं आणि अकरा महिन्यांचा रीतसर करार लागतो. तू थेट फोन करून "किती भाडं घ्याल?" विचारत सुटलास, तर समोरचा काय समजणार?

आचऱ्याची गावपळण तुला माहीत असेल. मालवण तालुक्यातलं हे गाव काही वर्षांनी, देवाचा कौल झाला की, तीन दिवस आणि तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. झोपड्या घालतात, चुली मांडतात, रात्री भजनं होतात. का, याची उत्तरं गावात दहा मिळतील. मला त्यातली एक गंमत दिसते. जन्मभर त्याच घरात राहणाऱ्यांनाही घराबाहेरून आपल्या गावाकडे बघायची सोय पूर्वजांनी करून ठेवली. तुम्ही तर अजून आतच आला नाहीत. वर्षभर वेशीजवळ राहून बघायला काय हरकत आहे?

त्या वर्षात तुम्हाला गाव बघेल, हेही लक्षात ठेव. आमच्याकडे मुंबईहून येणारा तो चाकरमानी. गणपतीला आला की लाडका, त्यानंतरही राहिला की लोक विचारात पडतात. 2020 च्या उन्हाळ्यात, करोनात, चाकरमानी गावाकडे आले तेव्हा त्यांना शाळेत वेगळं ठेवलं होतं. कुणी रोज दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून गेलं, कुणी आपल्या सख्ख्या भावाकडे पाठ फिरवली. दोन्ही मी पाहिलं. जत्रेची वर्गणी विचारायला आले तर पावती मागत बसू नकोस. दशावतार रात्रभर बसून बघ, झोप आली तर तिथेच डुलक्या घे. वाडीत कुणी गेलं तर खांदा द्यायला जा. माकडांनी नारळ खाल्ले म्हणून बंदूकवाल्याला बोलावण्याआधी शेजाऱ्याला विचार की तो काय करतो. मालवणी लगेच बोलायला जाऊ नकोस, तुझी मालवणी नाटकातली वाटते. ऐक. सहा महिन्यांनी आपोआप तोंडात येईल.

घरासाठी गाऱ्हाणं घालायची वेळ आली तर मात्र मला सांग. गाऱ्हाणं घालणारा गावकार बोलायला लागला की पूर्वजांपासून उंबरठ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतो, आणि मागची माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. तुझा यावर विश्वास नाही, ठाऊक आहे. काकांचाही नव्हता. पण चाळीस माणसं आपल्या घरासाठी होकार भरतात, तेव्हा त्यांना पुढे आपल्याला ओळखावंच लागतं.

आता मधुरा. हा भाग अमेयने वाचला तरी चालेल, पण आहे तुझ्यासाठी.

फोनवर तू फारसं बोलत नाहीस. "हो आत्या, छानच वाटतं तिकडे," एवढंच. अमेयचं काम लॅपटॉपवर चालतं, रेंज असली की झालं. तू फिजिओथेरपिस्ट आहेस, तुला पेशंट लागतात. ठाण्यातली नोकरी सोडून इथे आलीस तर काय करशील, हे सतरा फोटोंत कुठेच नाही. मी कुडाळात चौकशी केली. गुडघ्याची, कमरेची दुखणी इथे घरोघरी आहेत, शेतात वाकून वाकून होणारच. पण त्यासाठी पैसे मोजायची सवय सगळ्यांना नाही, आणि दवाखान्यात नोकरी मिळाली तरी पगार ठाण्याचा नसेल. हे तू आधी स्वतःच्या कानांनी ऐकून घे. आणखी एक, आमच्याकडे दुखणं फार वाढलं की लोक गाडी काढून गोव्याला, बांबोळीच्या हॉस्पिटलात धावतात. उद्या तुझे दिवस भरत आले आणि रात्री दोनला पाऊस असला, तर किती किलोमीटर आणि कुठल्या रस्त्याने, हे वहीत लिहून मगच घर ठरव. सासूने विचारायचं ते मी विचारतेय, राग मानू नकोस.

मी गिरगावात शाळेत शिकवत होते. इथे यायची ओढ होती ती काकांना. मी आले, कारण नव्या नवरीला नाही म्हणता येत नाही असं तेव्हा वाटायचं. पहिल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी चौथी खेप घेऊन चढ चढत होते आणि काका पडवीत बसून समुद्राकडे बघत होते. मला बघून म्हणाले, "आज काय सुंदर रंग आलाय बघ." मी कळशी तिथेच उपडी केली. सगळं पाणी पडवीतून खळ्यात गेलं. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी ते स्वतः हंडा घेऊन खालच्या वाडीत गेले. पुरुष हंडा घेऊन आलेला बघून विहिरीवरच्या बायका हसून हसून लोळल्या. तरी ते गेले, रोज गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर ती जागा तोट्यात विकून आम्ही खाली या वाडीत आलो. शाळेत मला काम मिळालं ते चौथ्या वर्षी. त्या मधल्या काळात मी कितीदा कुडाळ स्टँडवर जाऊन मुंबईच्या एसटीचा बोर्ड वाचून परत आले, ते काकांना मी कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहितेय.

तर व्यवस्था मी अशी केली आहे. आमच्या घरापासून चार घरं सोडून एक पडवी आणि दोन खोल्या आहेत. मालक वसईला असतात, माझ्या शब्दावर अकरा महिन्यांसाठी द्यायला तयार झालेत. भाडं चार हजार. विहीर सामाईक आहे, पाणी बारमाही, दोराला जोड नाही. रेंज पडवीच्या उजव्या कोपऱ्यात येते, तिथे टेबल टाकता येईल. छप्पर जूनच्या आधी शाकारून घ्यायला मी माणूस सांगून ठेवलाय. चावी माझ्याकडे आहे आणि कुणाला घाई नाही.

अमेय, तू इसार थांबवलास की नाही, ते दोन दिवसांत कळव.

मधुरा, तू मला वेगळं पत्र लिही. त्याला न दाखवता.

तुमची,
आत्या